अर्ज क्रमांक एकतीस

६ जानेवारी

काल मंडळाच्या सभेत मला एकमताने चिटणीस केलं. एकमताने म्हणजे दुसरं कोणी तयार नव्हतं, पण इतिवृत्तात 'एकमताने' असंच लिहायचं असतं आणि इतिवृत्त मीच लिहिलं. चौतीस वर्षं नोंदणी कार्यालयात घासलो, तेव्हा कुठे कोणता शब्द कुठे ठेवावा हे कळतं.

ही वही मात्र खासगी. इतिवृत्तात मनातलं लिहिता येत नाही, आणि माझ्या मनात हल्ली बरंच काही असतं.

काम मोठं आहे. बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्याची जागा नगरपालिकेने आमच्या मंडळाला नाममात्र भाड्याने दिली आहे. तिथे बारा घरं बांधायची, साधी पण पक्की, आणि ज्यांना या शहरात धड घर परवडत नाही अशा बारा कुटुंबांना द्यायची. मंडळात पगार कोणालाच नाही. अध्यक्षबाई निवृत्त शिक्षिका. नकाशे काढते ती आर्किटेक्ट, वयाने लहान पण बोलायला फटकळ. बांधकामाकडे बघतो तो मिस्त्री. आणि मी. शिवाय दर रविवारी पाचपन्नास माणसं आपण होऊन येतात आणि कारखान्याच्या पाडलेल्या भिंतींच्या विटा घासून रचून ठेवतात.

कार्यालयाला जागा नव्हती. मी आमच्या घरातली आतली खोली देऊ केली. टाळ्या पडल्या.

१२ जानेवारी

दोन कपाटं आली, टेबल आलं. आज आर्किटेक्टने बारा घरांचा पुठ्ठ्याचा नमुना आणला. देखणा आहे, खिडक्यासुद्धा कापल्या आहेत. ठेवायचा कुठे हा प्रश्न होता. माझी खाट खिडकीशी, ती हलवता येत नाही, उजेड लागतो. भिंतीकडचा पलंग नातीचा. नमुना त्यावर असा चपखल बसला की जणू मापाने केला. नात आता बाहेरच्या खोलीत आईबाप आणि धाकट्या भावाजवळ झोपते. मुलांना अशी जवळीक हवीच.

सूनबाई दारात उभी राहून नमुन्याकडे बघत होती.

"बाबा, हे इथे किती दिवस?"

"फार तर दीड वर्ष."

"यातल्या एकेका घरात खोल्या किती?"

"तीन," मी म्हटलं. "माणसाला माणसासारखं राहता आलं पाहिजे."

सूनबाई मुळात अबोल. रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी करते, तिथे बोलायची गरज पडत नसावी.

२८ जानेवारी

वाटप कसं करायचं, इथे घोडं पेंड खात होतं. घरं बारा आणि ओळखीपाळखीची माणसं हजार. आज मी तोडगा काढला.

अर्जावर फक्त क्रमांक. नाव, पत्ता, नातं, सगळं झाकायचं. अक्षरावरूनही ओळख पटू नये म्हणून अध्यक्षबाईंनी प्रत्येक अर्ज स्वतः टाइप करून द्यायचा, 'सासू', 'मेहुणा' असं काही आलं तर तिथे 'नातेवाईक' घालायचं, आणि कोणता अर्ज कोणाचा हे मरेपर्यंत कोणाला सांगायचं नाही. त्यांनी तशी शपथ घेतली. अडचण लिहायला प्रत्येकाला पन्नास शब्द. एक्कावन्नावा दिसला की अर्ज बाद.

मिस्त्री म्हणाला, "साहेब, माणसाचं तोंड बघितल्याशिवाय त्याला घर कसं द्यायचं?"

"तोंड बघूनच आजवर सगळा घोळ झालाय," मी म्हटलं.

सभासदांच्या नातेवाइकांना अर्जाला बंदी करा, असं आर्किटेक्टने सुचवलं. मी ते तिथल्या तिथे खोडून काढलं. ज्याला ओळखतच नाही त्याच्यावर मेहेरबानी करणार कशी? अध्यक्षबाई माझ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. कौतुक वाटलं असावं.

११ फेब्रुवारी

चिरंजीव हल्ली दर रविवारी विटा घासायला येतात. आठवडाभर लिफ्ट दुरुस्त करायच्या आणि सुटीच्या दिवशी हे. मी कधी एका शब्दाने आग्रह केला नाही. घरात समोर उदाहरण असलं की असं होतं.

सूनबाईलाही गोडी लागलेली दिसते. संध्याकाळी कपडे घड्या करताना तिने विचारलं, "बाबा, पन्नास शब्दांत नाही मावलं तर काय करायचं?"

"मुद्देसूद लिहिणाऱ्याला चाळीससुद्धा पुरतात. आधी अडचण लिहावी. भावना असतील त्या काढून टाकाव्यात."

"चांगलं असेल तेही काढायचं?"

"चांगल्याला घर कशाला लागतंय?" मी म्हटलं. तिने मान डोलावली.

नात जिन्यात दिव्याखाली तिसऱ्या पायरीवर बसून अभ्यास करते. वर येताना तिला ओलांडावं लागतं. मुलीला मोकळी हवा आवडते, आजीवर गेली आहे.

३ मार्च

सत्तेचाळीस अर्ज आले. तीन दिवस बसून सगळे वाचले. काहींच्या घरात पाणी गळतं, काही जण गोदामात राहतात. अठरा क्रमांकाचा अर्ज वाचून जीव हळहळला. दोन लहान मुलं, भिंतीला एवढी ओल की पुस्तकांना बुरशी येते.

पण डोक्यात बसला तो एकतीस क्रमांकाचा. इथे उतरवून ठेवतो.

"दोन खोल्या, स्वयंपाकघर. माणसं पाच. आतली खोली वयस्कर नातेवाइकांच्या समाजकार्याला लागते. बाहेर आम्ही चौघं. मुलगी जिन्यात अभ्यास करते. मुलाला बोलू देत नाही, कारण आत लेखन चालतं. ते वाईट नाहीत. घरात माणसं आहेत हे त्यांना दिसत नाही. आम्हाला नवं घर पाच जणांसाठी हवं आहे."

त्रेचाळीस शब्द. मी मोजले. लिहिणाऱ्याला लिहिता येतं.

पण हा म्हातारा! अर्जाच्या रकान्यांत वय सदुसष्ट, निवृत्तिवेतन, तब्येत धड, म्हणजे माझ्याच वयाचा, म्हणून तर जास्त तळपायाची आग मस्तकात गेली. आजकाल जो उठतो तो समाजकार्य करतो. स्वतःच्या पोराबाळांना भिंतीशी चेपून हे बाहेर कोणाचं भलं करणार? जिन्यातल्या मुलीचं वाचून आमच्या नातीची आठवण झाली. फरक एवढाच की आमची हौसेने बसते.

१० मार्च

गुणांकनाची सभा. एका खोलीमागे माणसं किती, त्यावर सर्वांत जास्त गुण. एकतीसची माणसं पाच धरली तर ते कुटुंब सातवं येतं. चार धरली तर तेरावं, म्हणजे यादीबाहेर.

मी उभा राहून बोललो. आयुष्यात इतकं चांगलं क्वचित बोललो असेन. या कुटुंबाचं दुखणं घराचं नाही, म्हाताऱ्याचं आहे, असं मी मांडलं. ज्याला निवृत्तिवेतन आहे, हातपाय धड आहेत आणि जो एकटा अख्खी खोली अडवून बसतो, त्याला गरजू म्हणणं ही गरजूंची थट्टा आहे. त्याने आपली वेगळी सोय करावी. तो निघाला की उरलेल्या चौघांना आहे तेच घर पुरतं.

"म्हातारा जाईल कुठे?" मिस्त्रीने विचारलं.

"तो आपला प्रश्न नाही."

"त्यांनी स्वतः पाच लिहिलेत," अध्यक्षबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा चिरकला होता. "चिटणीस, एकतीसचा जरा शांतपणे विचार करा. घरी जाऊन करा हवं तर."

मी त्यांना शपथेची आठवण करून दिली. एखाद्या अर्जाकडे बोट दाखवणं हासुद्धा शपथेचा भंगच. त्यांचा चेहरा लालबुंद झाला आणि त्या खाली बसल्या. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. मोठ्या पदावरच्या माणसालाही नियम दाखवायची हिंमत असावी लागते.

मोजणीत माणसं चार धरली. कारणं मीच इतिवृत्तात लिहिली, दीड पान.

१३ मार्च

सकाळी चहाला सगळे एकत्र होते. रोज असं होत नाही. मंडळाचं काम घरच्यांना कळावं म्हणून मी एकतीसची गोष्ट सांगितली. नावं घेतली नाहीत, मलाही ती ठाऊक नाहीत. रंगात येऊन म्हाताऱ्याची नक्कलही केली. हातात कागद, कपाळावर आठ्या, आणि नातवंडाने तोंड उघडलं की "शू!" नात खदखदून हसली. मग आईकडे बघितलं आणि एकदम थांबली.

"मग माणसं किती मोजली?" चिरंजिवांनी विचारलं.

"चार."

"आणि पाचवं?"

"पाचव्याने आपलं आपण बघावं."

"त्यांनी पाच लिहिलं होतं ना?" सूनबाई म्हणाली.

"भिडेपोटी लिहितात गं. मनातून सुटका हवी असते, पण बोलायचं कोणी? अशा वेळी कोणा तिऱ्हाइताने वाईटपणा घ्यावा लागतो. मी घेतला."

सूनबाईने कप गोळा करायला घेतले. माझा अर्धा कप चहा बाकी होता, तोही गेला. हल्ली तिचं लक्ष नसतं.

चिरंजीव बूट घालता घालता म्हणाले, "बाबा, पोराला 'शू' तुम्हीही करता."

"मी कामासाठी करतो," मी म्हटलं.

त्यांनी एका बुटाची नाडी दोनदा बांधली आणि गेले. लिफ्टवाल्या कंपनीत ताण फार आहे म्हणतात.

१९ मार्च

जागेवरच्या फळ्यावर बारा क्रमांकांची यादी लावली. अठरा आहे, बारावा. बरं वाटलं. हरकत घ्यायला सात दिवस.

घरात कसलीशी कुरबुर आहे. कोणी भांडत नाही, पण माझ्यासमोर बोलणं तुटतं. चार वर्षांचा नातू तेवढा येतो आणि नमुन्यातल्या घरांच्या खिडक्यांत बोटं घालतो. आज मी त्याला "शू" करणार होतो, पण त्याने तोंड उघडलंच नव्हतं.

२५ मार्च

एकच हरकत आली, एकतीसची. टाइप केलेलं एक वाक्य. "आमच्या घरात माणसं पाच आहेत, मोजताना एक सुटलं आहे."

चिकाटी आवडली. पण दीड पानाच्या कारणांपुढे एका वाक्याचा काय टिकाव लागणार? हरकत घेणाऱ्याने समोर यायचं असा नियम आहे, मीच घातलेला. म्हणजे परवा त्या घरातलं कोणीतरी बघायला मिळणार. म्हाताराही आला तर चार शब्द सुनवायचे आहेत. ते लिहूनसुद्धा काढले.

२७ मार्च

आजचं सगळं क्रमाने लिहितो.

सुनावणी दुपारी, जागेवरच्या पत्र्याच्या खोलीत. टेबलामागे आम्ही चौघं, समोर एक रिकामी खुर्ची. बाहेर रविवारची माणसं विटा घासत होती. अध्यक्षबाईंनी कागदाकडे न बघता पुकारलं, "एकतीस."

सूनबाई आत आली. मागे चिरंजीव. मला वाटलं, मी चष्मा घरी विसरलो, तोच द्यायला आलेत. मी हात पुढे केला. सूनबाईने माझ्या हाताकडे पाहिलं आणि खुर्चीवर बसली. चष्मा माझ्या नाकावर होता.

वही खासगी आहे, म्हणून खरं तेच लिहितो. पहिलं मनात आलं ते हे की मिस्त्री हसत असणार. मिस्त्री हसत नव्हता, जमिनीकडे बघत होता. आर्किटेक्टही. मग मला नात आठवली, माझी नक्कल बघून हसलेली.

"चिटणीस," अध्यक्षबाई हळूच म्हणाल्या, "तुम्हाला उठायचं असेल तर उठा. प्रश्न मी विचारते."

उठणंच योग्य होतं. पण हातात प्रश्नांचा कागद होता. कागद हातात असला की मी वाचतो, दुसरं मला येत नाही.

"घरात माणसं किती?"

"पाच," सूनबाई म्हणाली.

"पाचव्या व्यक्तीचा इतरांना त्रास होतो, असं अर्जावरून दिसतं. हे खरं आहे?"

"खरं आहे."

"असं असताना नव्या घरात तिला का मोजता?"

तिने मांडीवरची पिशवी खाली ठेवली. "त्रास होतो म्हणून माणूस घरातून वजा होतो का, बाबा? धाकटाही त्रास देतो. त्याला मोजलंत तुम्ही." मग म्हणाली, "चांगलंही लिहिलं होतं मी. माझी आई आजारी होती तेव्हा अकरा दिवस तुम्ही दवाखान्यात बसून होतात, तिचे सगळे कागद तुम्ही केलेत. पण ते पन्नासच्या वर जात होतं. आणि तुम्हीच म्हणालात, चांगलं काढून टाक."

कागदावर आता एकच प्रश्न उरला होता. मी तो परवा स्वतः घातला होता, एकतीसच्या म्हाताऱ्याला कोंडीत पकडायला.

"पाचव्या व्यक्तीला स्वतंत्र राहता येईल का?"

"ते मी कसं सांगू?" सूनबाई म्हणाली. "त्यांनाच विचारा."

पत्रा वाऱ्याने वाजत होता. याचं उत्तर माझ्याजवळ तयार होतं, दीड पान, मुद्देसूद. निवृत्तिवेतन आहे, हातपाय धड आहेत. मी ते मनात वाचून पाहिलं. एका खोलीत मी, दोन कपाटं, टेबल, आणि बाहेरच्या खोलीत कोणी नाही ज्याला गप्प बस म्हणावं. मला भीती वाटली. लहान पोराला वाटते तशी भीती वाटली.

"नाही," मी म्हटलं. "येणार नाही."

अध्यक्षबाईंना कमी ऐकू येतं. पुन्हा सांगावं लागलं, मोठ्याने. बाहेरचा विटांचा आवाज बंद झाला.

निर्णयासाठी मी बाहेर आलो. चिरंजीव वाळूच्या ढिगाशी उभे होते. दोघंही वाळूकडे बघत राहिलो.

"तुम्ही मला आधी सांगायचं होतं," मी म्हटलं.

"सांगितलं असतं तर अर्ज तुम्हीच फाडला असता. तत्त्व म्हणून."

नाही म्हणायला तोंड उघडलं होतं, पण ते खोटं झालं असतं. फाडलाच असता, आणि वर सभेत सांगितलंही असतं.

"यादी लागली त्या दिवशी मी म्हणत होतो की जाऊ दे," चिरंजीव म्हणाले. "चौघंच राहू कुठेतरी. हरकतीचं पत्र तिने लिहिलं. मी सही केली नाही, बाबा."

त्याने ते सांगितलं, हेच पुष्कळ होतं.

मिस्त्रीने बाहेर येऊन पाच बोटं दाखवली. एकतीस सातव्या जागी गेला, आणि बारावा अठरा यादीबाहेर आला. ओल आलेली भिंत आणि दोन मुलं. त्यांना कळवायचं पत्र माझ्याच हातचं होतं, शेवटचं, कारण नंतर लगेच मी चिटणीसपद सोडलं. 'कळवण्यास खेद होतो' हे शब्द मी नोंदणी कार्यालयात हजारदा लिहिले असतील. आज 'खेद' लिहिल्यावर पुढचं सुचेना. तेव्हा पत्र फाडलं आणि अध्यक्षबाईंना म्हटलं, पत्ता द्या, मी स्वतः जाऊन सांगतो. शपथेचं नाव न काढता त्यांनी चिठ्ठीवर पत्ता लिहून दिला. उद्या जायचं आहे. काय बोलायचं ते लिहून काढलेलं नाही.

घरी परत येताना तिघं चालत होतो. सूनबाई मध्ये होती.

"नव्या घरात आतली खोली मुलीला," ती समोर बघत म्हणाली. "तुम्ही बाहेरच्या खोलीत, धाकट्याबरोबर. चालेल?"

सवयीने तोंडाशी आलं होतं, विचार करून कळवतो. "चालेल," म्हटलं.

"तो झोपेत लाथा मारतो. त्रास होईल तुम्हाला."

"होऊ दे," मी म्हटलं.